कोरडे लंगोट

पालीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावरल्या वाडीत मालन अकरा वर्षं सरकारी आरोग्य योजनेची आशाताई म्हणून काम करत होती. कुणाच्या घरात पाळणा हलणार हे तिला घरच्यांच्या बरोबरीने कळायचं. पण त्या एप्रिलात गंगाकाकूंच्या पायऱ्या चढायला ती कचरायला लागली.

काकूंची सून संस्कृती पहिलटकरीण. रत्नागिरीला सिझर होऊन मुलगा झालेला. नवरा नितेश मुंबईला कामावर. मालन सातव्या दिवशी गेली तेव्हा संस्कृती रडवेली झाली होती.

"ताई, याला माझं दूध पुरतच नाय. सारखा रडतो."

"तान्ही पोरं सारखीच पितात गो. जितकं पाजशील तितकं येईल. सहा महिने वरचं काही नको. पाणीसुद्धा नको."

काकू दारातून ऐकत होत्या. "एवढ्या उष्म्यात आपला घसा सुकतो, त्याचा नाय सुकत? आम्ही काय पोरं वाढवली नाय?"

चौदाव्या दिवशी मालनने झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन केलं. आठवड्याभरात वाढायचं ते नव्वद ग्रॅमने घटलं होतं. फडताळात पावडरच्या दुधाचा डबा, शेजारी कालपासून भरून ठेवलेली दुधाची बाटली. दोरीवर लंगोट वाळत होते, तेही दिवसभरातले मोजून तीन; बाळ पुरेसं ओलं करत नव्हतं.

"आता कसा शांत झोपतो बघ," काकू कौतुकाने म्हणाल्या.

तीच शांतता मालनला खायला उठली. तिचं पहिलं पोरही असंच शांत झालं होतं, वीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात. सासूने मायेने मध चाटवला, विहिरीचं पाणी पाजलं. आणि उन्हाची काहिली बघून मालननेही आपल्या हाताने चमच्याने पाणी घातलं. बाविसाव्या दिवशी पोर गेलं. वाडीने म्हटलं, उष्णता बाधली.

"याला आजच दवाखान्यात न्यायला हवं," ती म्हणाली.

"ओल्या बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर? सव्वा महिना व्हायचाय अजून!"

मालन परतली. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पुन्हा गेली. बाळाला पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब होत होते. टाळू खोल गेलेली, डोळे अर्धे उघडे. गालाला बोट लावलं तरी तोंड वळेना. संस्कृती छातीशी धरत होती, ते ओढत नव्हतं.

मालनने रिक्षा बोलावली, तर काकू दारात आडव्या आल्या. "मी माझ्या नातवाचं वाईट करीन का गो?"

"मी तरी माझ्या पोराचं वाईट करायला पाणी पाजलं होतं का, काकू?" मालन म्हणाली. "माझ्याच हातून गेला तो. आजवर कुणाला बोलले नाय."

काकू बाजूला झाल्या आणि दुपटं घेऊन रिक्षात सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या.

रत्नागिरीच्या दवाखान्यात सहा दिवस सलाईन चाललं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, "अजून खात्री देत नाही." काकूंनी त्या दिवशी पाण्याचा थेंब घेतला नाही. संस्कृतीचं दूध आटत आलं होतं. मालन तिच्याजवळ बसून दर दोन तासांनी बाळाला उघड्या छातीशी लावायला लावायची. पाचव्या दिवशी पोराने जोर करून ओढलं, आणि पान्हा फुटला.

आता पोर तीन महिन्यांचं आहे, फक्त अंगावरच पितं. वजन धरतंय. पण ते जरा जास्त वेळ झोपलं की संस्कृती हातातलं काम टाकून येते आणि त्याच्या नाकाशी बोट धरून उभी राहते.