सगळ्या विहिरींची एकच किल्ली

आमच्या घरी विहिरीत उतरायचा एक नियम आहे आणि तो आईनं केलेला आहे, म्हणजे त्यावर अपील नाही. मोटरच्या पेटीतल्या फ्यूजच्या तिन्ही ग्रीपा, त्या पांढऱ्या चिनीमातीच्या, ओढून काढायच्या, खिशात घालायच्या, खिशाचं बटण लावायचं आणि मगच शिडीवर पाय ठेवायचा. खिसा वडिलांच्या खाकी शर्टाचा. वडील समुद्रपूरच्या बाजूनं एसटी चालवतात, त्यांचे विटलेले शर्ट आई साडीवर घालून वावरात जाते. वावर पहिल्यापासून तीच पाहते. पाणबुडी मोटरच्या जाळीत शेवाळ आणि लिंबाचा पाला अडकला की पाण्याची धार बारीक होते. मग कोणीतरी खाली उतरून, मांडीभर पाण्यात उभं राहून जाळी घासावी लागते. आमच्याकडे हे कोणीतरी म्हणजे आई. अशा पाण्यात करंट उतरला तर माणूस ओरडायच्या आत जातो, हे आमच्या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. "ग्रीपा माह्या खिशात हाये तोवर मोटर कोणाच्या बापाच्यानं चालू होत नाई," असं ती म्हणायची, आणि ते अगदी खरं होतं.

मी तेव्हा वर्ध्याला एका दुकानवजा कंपनीत नोकरीला होते. मालकांना सगळे शेठजी म्हणत. घराणं मूळचं सिंदी रेल्वेचं, आजोबांचा कापसाचा व्यापार, यांचा मोटरपंपांचा. त्यांनी मोबाइलवरून मोटर चालू-बंद करायची पेटी काढली होती. पेटीत सिमकार्ड, फोनमध्ये ॲप. घरी चहा पिता पिता बटण दाबलं की वावरातली मोटर सुरू. आमच्याकडे लाईन, म्हणजे वीज, पाहुण्यासारखी, मनात येईल तेव्हा येते, त्यामुळे पेट्या धडाधड खपत होत्या. पेटी शेठजी स्वतः बनवून घेत, ॲप मात्र बाहेरून कोणाकडून तरी विकत घेतलेलं होतं. ते सांभाळायला मला ठेवलं होतं. सांभाळायचं तर आत काय आहे ते पाहायला नको का, म्हणून मी ते उघडून पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं.

गोष्ट अवघड नाही. मोटर चालू करायचा निरोप पेटीला आला, तर तो खऱ्या मालकाचाच आहे हे तिनं ओळखायचं कसं? त्यासाठी पेटीत आणि फोनमध्ये आधीच एक लांबलचक गुप्त आकडा ठेवतात, दोन्हीकडे तोच. ही त्यांची किल्ली. फोन त्या किल्लीनं निरोपाला कुलूप लावतो, पेटी त्याच किल्लीनं ते उघडते. उघडलं नाही, तर निरोप परक्याचा, सोडून द्यायचा. चांगली रीत आहे. लहानशा पेटीला झेपते, नेटवर्क मरतुकडं असलं तरी चालते. माझं तिच्याशी काही वैर नाही. तिची अट एकच, ती किल्ली त्या दोघांखेरीज तिसऱ्याकडे नसावी. आणि इथं जिल्हाभर विकलेल्या प्रत्येक पेटीत एकच किल्ली होती. वर ती ॲपच्या पोटात सरळ लिहून ठेवलेली. ॲप तर कोणीही उतरवून घेतो, आणि ते फोडून आतलं वाचायची साधनं फुकट मिळतात. पेट्यांचे नंबरही ओळीनं लावलेले, आपल्या नंबरात एक मिळवला की शेजाऱ्याची पेटी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, पण तिथं निदान चोर एक असतो.

मी शेठजींना सांगितलं. ते रागावले नाहीत, हसले. तेच मला जास्त झोंबलं.

"तुह्या काकाकडं ट्रॅक्टर हाये ना?" त्यांनी विचारलं.

"हाये."

"त्याची किल्ली शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरले लागते का नाई?"

लागते. एका कंपनीच्या ट्रॅक्टरांना बहुतेक एकच किल्ली लागते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. किल्ली हरवली तर कोणी दुकानात धावत नाही, शेजाऱ्याची मागून आणतो.

"मंग? आजवर तुह्या काकाचा ट्रॅक्टर कोणी पळोला?" शेठजी म्हणाले. "लोकायले दुसऱ्याची मोटर चालू कराचा धंदा हाये का?" पेट्या बसवणारा फिटर तिथंच स्क्रू निवडत बसला होता. त्यानंही मान डोलावली. त्याला एकच किल्ली सोयीची होती. पेटी बिघडली की दुसरी ठोकायची आणि घरचा रस्ता धरायचा.

"शेठजी, काकाचा ट्रॅक्टर न्याले काकाच्या आंगणात या लागते," मी म्हणाले. "कुत्रं भुकते, काकू दारात येते, कोण हाये म्हून इचारते. मोटर चालू कराले कोणाले कुठंच या लागत नाई. तो कुठी बसला हाये तेही समजत नाई."

"तू लय शिकली, हेच चुकलं," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. वरून माझी समजूत काढायला म्हणून एक पेटी आमच्याच वावरात बसवून दिली, भेट म्हणून. मी घरी नव्हते. फिटर गेला, पेटी ठोकून आला, आणि आईनं त्याला जेवू घालूनच पाठवलं.

चार-पाच दिवसांनी आईचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. पेटी लय झकास आहे, वडीलसुद्धा घरी आले की तिच्याच फोनवर मोटर पाहतात, वगैरे. मग ती म्हणाली, "अन् आता ते ग्रीपा काढाचं झंझटही गेलं. आज जाळी साफ केली ना, मोबाइल खिशात टाकला, बटन लावलं, अन् उतरली खाली. मोबाइल माह्यापाशी हाये तं मोटर चालू करन कोण?"

आईचं काही चुकलं नव्हतं, हे मला आजही ठासून सांगायचं आहे. तिनं आयुष्यभर जे केलं तेच केलं. ज्याच्यात मोटरचा जीव आहे ती वस्तू खिशात घातली आणि खाली उतरली. ग्रीप काढली की फ्यूजच्या पेटीत भोक उरतं, त्यातून करंट जाऊच शकत नाही. फोन खिशात घातला तरी ही मोबाइलची पेटी वर जागीच असते, आणि ती किल्ली असलेल्या कोणाचंही ऐकते. हा फरक तिला आम्ही सांगायला हवा होता. आम्ही तिला ग्रीपेसारखी दिसणारी वस्तू दिली आणि गप्प बसलो.

"आई, यापुढं ग्रीपा काढल्याबिगर उतरू नको," मी म्हणाले.

"काऊन?"

"घरी आली की सांगते."

"आत्ता सांग."

सांगितलं. जेवढ्या पेट्या विकल्या तेवढ्यांची किल्ली एकच आहे, आणि ती कोणालाही सापडेल अशा जागी आहे. मग तिनं एवढंच विचारलं, "मंग हे इकलंच काऊन?"

हाच प्रश्न मला शेठजींपुढे ठेवायचा होता, पण नुसता बोलून नाही, दाखवून. तळेगावला शेठजींची संत्र्याची बाग आहे. तिथं विहिरीवर आमचीच पेटी, आणि बाग पाहायला एक सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराचा गडी. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन शेठजींच्या टेबलासमोर बसले. कोणत्याही गिऱ्हाइकासारखं ॲप उतरवून घेतलं, त्यांच्यासमोर फोडलं आणि किल्ली बाहेर काढली. म्हटलं, तुमचा फोन टेबलावर पालथा ठेवा. मग फिटरच्या फोनवरून सालदाराला स्पीकरवर फोन लावायला लावला. विहिरीत किंवा विहिरीजवळ कोणी नाही ना, आणि तो स्वतः लांब उभा आहे ना, हे शेठजींच्याच तोंडून दोनदा विचारून घेतलं. शेठजी गंमत म्हणून विचारत होते. मग मी ती किल्ली लावून लॅपटॉपवरून बटण दाबलं.

"शेठजी, मोटर चालू झाली!" पलीकडून आवाज आला. "तुमी केली का?"

मी बंद केली.

"बंद झाली बाप्पा!"

पुन्हा चालू केली. शेठजींनी आपला पालथा फोन उचलून पाहिला आणि परत ठेवला. चेहरा पडला होता. पण धंद्यातला माणूस, लवकर सावरला. "ठीक हाये," ते म्हणाले. "पुढच्या हंगामात बदलू. तोवर कोणाले बोलाचं नाई. हात दाखवून अवलक्षण कायले?"

"माही आई याच हंगामात विहिरीत उतरते, शेठजी. मी बोलणार."

"मंग नोकरी राह्यणार नाई."

"नका ठेवू."

मी हे फार मोठ्या धैर्यानं म्हटलं असं नाही. मला इतका राग आला होता की दुसरं काही तोंडातून निघतच नव्हतं. मी उठले, लॅपटॉप मिटला. तेवढ्यात कोणीच न कापलेल्या त्या फोनमधून सालदार बोलला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "शेठजी, मले समजलं. आता मी काई त्या विहिरीत उतरत नाई. तुमी येजा, तुमीच जाळी साफ करजा."

संत्री पाण्याची वाट पाहत थांबत नाहीत. शेठजी त्याला रागावले, चुचकारले, पण गडी हटला नाही. इकडे फिटर फोन परत घेऊन दुकानाबाहेर गेला. कोणाला तरी मोठ्या आवाजात सांगत होता, ग्रीपा काढा, मामाजी, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. त्याच्या सासऱ्याकडेही आमचीच पेटी होती. ट्रॅक्टरच्या किल्लीचं त्या दिवसानंतर त्यानं नाव काढलं नाही. गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्याकडे होते. आम्ही दोघांनी वाटून घेतले आणि फोन करत सुटलो. काहींनी आभार मानले, काहींनी शेठजींचा उद्धार केला, एका आजोबांनी तर मलाच फैलावर घेतलं. मी ऐकून घेतलं. शेठजी काचेआड बसून पाहत होते. त्यांनी आम्हाला थांबवलं नाही आणि मला काढलंही नाही. बोलणं मात्र बरेच दिवस बंद ठेवलं. मीही काही मनधरणी केली नाही.

मग मी मला हवं तसं केलं. प्रत्येक पेटीची किल्ली वेगळी, आणि ती दुकानात बनतच नाही. मालकानं स्वतः विहिरीवर जायचं, पेटी उघडून आतलं बटण दाबायचं, फोन जवळ धरायचा, तेव्हाच तिथं नवी किल्ली तयार होते. ती त्या फोनच्या आतल्या जपून ठेवायच्या जागेत आणि त्या पेटीत, बस्स. ॲपमध्ये ती नाही, आमच्याकडेही नाही. फोन हरवला तर पुन्हा विहिरीवर जाऊन नवी करायची. शेठजींची कुरकुर होती, की लोकांना एवढं चालावं लागेल. चालू देत. विहीर काही पळून जात नाही. शिवाय ॲप उघडताच पहिली ओळ येते, 'विहिरीत उतरण्याआधी ग्रीपा काढा'. आपल्याच मालावर आपलाच भरोसा नाही असं दिसतं, म्हणून शेठजींनी ती काढायला तीनदा सांगितलं. ती अजून तिथंच आहे.

आमची पेटी मी स्वतः बदलली. सुटीला घरी गेले, आईला विहिरीवर नेलं, तिच्याच हातानं बटण दाबवलं. "आता हे किल्ली तुही अन् पेटीची," मी म्हणाले. "मलेही माहीत नाई." माझी छाती फुगली होती, नाही कशाला म्हणू. आईनं मोटर चालू केली, बंद केली, खूश झाली. धार बारीक होती. ती म्हणाली, "थांब, जाळी पाहतो," आणि शर्टाच्या बाह्या वर करून फ्यूजच्या पेटीपाशी गेली आणि एकेक करून तिन्ही ग्रीपा ओढून काढल्या.

मला खरंच लागलं. "अवं, आता तं पक्की हाये ना पेटी!"

"तुह्या किल्लीवर भरोसा हाये मले," ती म्हणाली. "पण विहिरीत मले उतरा लागते, तुले नाई."

ग्रीपा खिशात गेल्या, बटण लागलं. फोन तिनं माझ्या हातात दिला आणि शिडी उतरून खाली गेली. मी काठावर उभी राहिले. खालून जाळी घासल्याचा आवाज येत होता. माझ्या हातातल्या त्या फोनला, किल्ली कितीही पक्की असली तरी, आता काहीच करता येणार नव्हतं. मला त्याचं फार बरं वाटलं.