अर्धी पाटी आणि माझे गुडघे

"झीज आहे," एक्स-रे उजेडाकडे धरून पालघरचा डॉक्टर म्हणाला. "ऑस्टिओआर्थ्रायटिस. वय झालं की होतंच, आजी. वजन कमी करा, गोळ्या घ्या." माझ्या गुडघ्याला त्याने बोटसुद्धा लावलं नाही.

माझं वय बासष्ट. हा काय माझा नातू होता? दोन तास बाकड्यावर बसवून हातात एक कागद दिला आणि पुढच्याला आत बोलावलं.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोड बोलायला मला जमत नाही.

मी पालघरजवळच्या माहीमची. लग्न झाल्यापासून पालघरच्या बाजारात मासे विकते. डोक्यावर पाटी न्यायची, दिवसभर उकिडवं बसायचं आणि पायाखाली विळी दाबून मासे कापायचे, हा धंदा. गणपतीनंतर उठताना जमिनीला हात टेकावा लागायला लागला. शेजारी बसणाऱ्या माझ्या धाकट्या जावेने, हेमाने, ते पहिल्याच दिवशी हेरलं. तिची पाटी रोज वीतभर माझ्या जागेत सरकू लागली. बाजारातली जागा एकदा गेली की परत मिळत नाही.

डॉक्टरने वजन कमी करा म्हटलं, मी केलं. पाटीतले मासे निम्मे केले. पण माल तर तेवढाच विकायचा, म्हणून रिक्षापासून बाजारापर्यंत एकाच्या दोन खेपा घालू लागले. दोन महिन्यांत गुडघे नारळाएवढे सुजले. त्यात उपदेश करणारे गल्लोगल्ली. एकाने तर माशाचं तेल चोळायला सांगितलं. मला, जिचा जन्म मासळीत गेला.

शेवटी लेकीने बोईसरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, मला चालवून पाहिलं, मग विचारलं, "वजन कमी केलंत का?"

"केलं ना. पाटी अर्धी केली."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. "मावशी, पाटीचं नाही, अंगाचं वजन."

"मंग तसं बोलाया त्याच्या घशात काटा अडकला व्हता?"

त्यांनी नीट समजावलं. सांध्यात हाडांच्या टोकांवर कार्टिलेज असतं, म्हणजे कूर्चेची गुळगुळीत गादी. ती झिजली की हाडं घासतात, सूज येते. झिजलेली गादी परत येत नाही. पण मांडीचे स्नायू बळकट केले तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पाय ताठ करून उचलायचा, रोज. नुसतं पडून राहिलं तर पाय आणखी लुळे पडतात. "आणि उकिडवं बसणं बंद," बाई म्हणाल्या.

म्हणजे धंदाच बंद. तिथेच रडले, रागाने.

घरी येऊन सुताराला बोलावलं. उंच स्टूल आणि टेबल करून घेतलं, विळी सोडून सुरी धरली. पहिल्या दिवशी अख्खा बाजार हसला. हेमा सर्वांत मोठ्याने.

"बाय, मास्तरीण झालीस का? खुर्चीवर बसून म्हावरा कोन इकतं?"

"मी," म्हटलं.

वर्ष झालं. दुखणं गेलेलं नाही, कोणी जाईल म्हणालं तर विश्वास ठेवू नका. भात कमी केला, व्यायाम शिव्या घालत करते. पाटी आता हातगाडीवरून येते. बोईसरच्या बाईंचे उपकार मानते, पालघरच्याचे नाही.

गेल्या आठवड्यात हेमा उठताना जमिनीला हात टेकून तशीच थांबली. ते तोंड मी ओळखते. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर हळूच म्हणाली, "बाय, जरा तुज्या स्टुलावर बसू?"

"आदी तुजी पाटी माज्या जागेतून काढ. आनि गुरवारी बोईसरला चल."

तिने पाटी ओढून घेतली. मग तिला स्टूल द्यायला मी उठले, हात न टेकता.