पेंटरांची चिमणी

पेंटर अक्षर काढायला बसले की श्वास रोखून धरत. मध्ये कुणी काही विचारलं तर उत्तर अक्षर पुरं झाल्यावर मिळे. एकदा आमच्या साहेबांनी त्यांना चहा घेणार का म्हणून विचारलं, तेव्हा ते ‘क्ष’ काढत होते. तो संपेपर्यंत साहेब तसेच दारात उभे राहिले. मला त्या कंपनीत लागून सात महिने झाले होते, आणि साहेब माझ्यासाठी कधी दारात उभे राहिलेले नव्हते.

आमची कंपनी दूरदर्शनसाठी मालिका करायची. ऑफिस कर्वेनगरला, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. मी कलाविद्यालयातून पाच वर्षांची पदविका घेऊन आलेलो, आणि पेंटर वारज्याचे, शेती सांभाळून दुकानांच्या पाट्या रंगवणारे. एका गिरणीची पाटी बघून साहेबांनी त्यांना शोधून आणलं होतं.

मालिकेच्या आधी कंपनीचं बोधचिन्ह दिसायला हवं होतं. मी बारा नमुने केले, प्रत्येकाखाली त्यामागचा विचार टाइप करून लावला. पेंटरांनी तीन काचा आणल्या. पहिलीवर पाठमोरी चिमणी, दुसरीवर तीच मान वळवताना, तिसरीवर सरळ आपल्याकडे बघणारी. कॅमेऱ्यानं तिन्ही एकात एक मिसळल्या आणि पडद्यावर चिमणीनं वळून बघितलं. माझे बारा नमुने साहेबांनी परत दिले. “तुमचंही चांगलं आहे,” म्हणाले. त्यातला ‘ही’ मला पुढं कित्येक वर्षं ऐकू यायचा.

ती चिमणी घराघरांत गेली. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. चिमणी वळली की ही हात हलवायची. एकदा तिनं विचारलं, बाबा, ही तुम्ही काढलीत? मी म्हटलं, आमच्या ऑफिसात काढलीय. खोटं नव्हतं, पण बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती कणीक मळत राहिली.

पेंटरांचा राग यावा असं ते काही करत नसत, याचाच मला जास्त राग यायचा. मला ते ‘शिकलेले’ म्हणत, आणि त्यात टोमणा नसे. मी तो शोधत असे. एकदा त्यांनी माझ्याकडून मोजमापाची पद्धत समजून घेतली, वहीत उतरवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं अंदाजानं काम केलं. माझ्या मोजलेल्या ओळीपेक्षा त्यांची ओळ सरळ आली.

मग खाजगी वाहिन्या आल्या, संगणक आला. साहेबांनी मला मुंबईला शिकायला पाठवलं. परत येऊन मी सोन्याची चिमणी केली, सगळ्या बाजूंनी चकाकत गोल फिरणारी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेंटरांनी ती दोनदा लावायला सांगितली.

“फिरतीय झ्याक,” ते म्हणाले. “बसत मातर न्हाई कुठं.”

मी हसलो. मनात म्हटलं, आता तुमचे दिवस संपले. आणि संपलेच. त्यांच्याकडे सेटवरच्या दवाखान्याच्या आणि पोलीस चौकीच्या पाट्या तेवढ्या उरल्या. काही वर्षांनी माझी सोन्याची चिमणीही गेली. मुंबईच्या जाहिरात संस्थेनं तिच्या जागी एक त्रिकोण आणि एक ठिपका आणला. ही चोच आणि हा डोळा, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. त्या बैठकीत मला कुणी काही विचारलं नाही. तोवर पेंटरांचा हात थरथरायला लागला होता आणि त्यांनी येणं सोडलं होतं.

कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा एका वर्तमानपत्राची बातमीदार आली. साहेब आत फोनवर होते. तिनं सोन्याच्या चिमणीबद्दल विचारलं, मग म्हणाली, “आणि ती पहिली, वळून बघणारी? आमच्या घरी सगळे तिच्यासाठी थांबायचे. तीही आपलीच का?”

मी “हो” म्हणालो.

रविवारी फोटोसकट छापून आलं. बुधवारी ऑफिसात पेंटरांचा फोन आला. फोटो बरा आलाय, म्हणाले. एक काम आहे, वारज्याला या.

मी काय काय उत्तरं तयार करत गेलो ते आता आठवत नाही. मुलांनी शेतजमीन बिल्डरला दिली होती आणि त्याच जागेवरच्या इमारतीत त्यांना घरं मिळाली होती. पेंटरांना दारावर नावाची पाटी हवी होती. फळी त्यांनी घासून, काळी रंगवून ठेवली होती. ब्रश माझ्या हातात दिला आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. लेखाचं नाव त्यांनी काढलं नाही. मी ‘ज्ञानोबा’ लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. दीड तास गेला. शेवटी ते म्हणाले, झालं, आता हात लावू नका.

मी ब्रश धुवायला उठलो.

“खाली कोपऱ्यात तुमचं नाव घाला,” ते म्हणाले.

मी म्हटलं, अहो, घराच्या पाटीवर कुणी रंगवणाऱ्याचं नाव घालतं का?

“ज्यानं केलं त्याचं नाव ऱ्हावं. मला दुसरं काय म्हणायचं न्हाई.”

मी नाव घातलं. इतकं वाकडं अक्षर माझ्या हातून आधी कधी आलं नव्हतं. घरी जाऊन वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चार ओळींचं. आठवड्यानं वाचकांच्या पत्रांत ते छापून आलं. साहेबांनी वाचलं आणि बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी कात्रण घेऊन वारज्याला गेलो. पेंटरांनी चष्मा लावला, कागद खिडकीशी धरला आणि चारही ओळी बोट ठेवून वाचल्या.

“ज्ञानबा छापलंय,” ते म्हणाले. “काना न् मात्रा दोन्ही खाल्ली.” आणि हसले. मग सुनेला माझ्यासाठी पोहे टाकायला सांगितले.

पेंटर जाऊन आता दोन वर्षं झाली. मला त्यांचा हेवा अजून वाटतो. कुणी त्यांच्याबद्दल विचारलं तर आता तसं सांगतो.