कडूबाईचं नवं पॅकेज

हिवरे बाजारच्या अलीकडे डोंगराला लागून एक लहानसं गाव आहे. तिथे पाण्याचा विषय निघाला की लोक कडूबाईकडे बघतात आणि नाक मुरडतात, कारण बाई तोंडावर बोलणारी. वय छप्पन्न, शिक्षण सातवी. लग्नानंतर आठ हंगाम ती नेवाशाकडे ऊसतोडीला गेलेली. आणि गेली तेरा वर्षं दर अमावस्येला, औत बंद असतं त्या दिवशी, ती गावातल्या त्रेसष्ट विहिरींत दोरीला दगड बांधून सोडते आणि पाणी किती खाली गेलं ते मोजते. तिचं डोकं फिरलंय, असं गाव पहिली चार वर्षं म्हणालं. पुढे म्हणायचाही कंटाळा आला.

मोजलेलं सगळं ती ग्रामपंचायतीच्या लॅपटॉपवर नकाशात भरायची. तो लॅपटॉप इतका थकलेला, की नगरच्या परवेझने त्यात लिनक्स नावाची फुकटात मिळणारी सिस्टीम टाकली तेव्हा कुठे तो धड चालू लागला. परवेझचं शहरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. "मावशी, ही सिस्टीम सगळ्या जगाची. कुणीही घ्यावी, कुणीही सुधारावी," असं त्याने सांगितलं, तेव्हा कडूबाईने मान डोलावली होती, पण विश्वास काडीचा ठेवला नव्हता.

यंदा मात्र गोष्ट अटीतटीची झाली. दोन वर्षं पाऊस बरा पडला आणि भागवत नावाच्या कांदेवाल्या शेतकऱ्याने बोअर घ्यायची परवानगी मागितली. गावात बोअरबंदी होती ती ग्रामसभेच्या ठरावाने, तेव्हा उठवायचीही तिनेच. भागवतच्या मागे आणखी पंधरा अर्ज तयार होते. बोअर पडले की विहिरी जाणार, हे कडूबाई जीव तोडून सांगत होती. पण तिचे आकड्यांचे तक्ते वाचतो कोण? लोकांना पाणी हलताना दिसायला हवं होतं. नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत तारखेमागून तारीख नकाशा चालवता येतो, असं परवेझ म्हणाला. तिच्याकडची आवृत्ती जुनी, तिच्यात ती सोयच नव्हती.

"मग नवी टाक की."

"तसं न्हाई मावशी. तुमची सिस्टीम भरवशाची हाय, पन तिच्यातली पॅकेजं, म्हंजी आतली सॉफ्टवेअरं, लवकर बदलत न्हाईत. सगळी सिस्टीमच नवी केली अन् लॅपटॉपला झेपली न्हाई, तर बसलो आपन."

लॅपटॉप पंचायतीचा. ग्रामसभेला विचारल्याशिवाय जिथे झाड तुटत नाही, तिथे पॅकेज कसं बदलणार? कडूबाईने रीतसर अर्ज दिला. सभेत त्यावर तासभर खल झाला. त्याला थ्री फेज लागते का, असंही एकाने विचारून घेतलं. भागवत म्हणाला, "माझा अर्ज पंधरा दिस पुढं ढकलला, अन् ह्यांचं पॅकेज आज मंजूर?" शेवटी सरपंचबाईंनी ठराव लिहिला: जुन्याला कोणताही धक्का न लावता नवे घेण्यास मंजुरी.

कडूबाईने तो फोनवर वाचून दाखवला तेव्हा परवेझने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. "मावशी, तुमच्या ग्रामसभेनं अगदी बरोबर मंजूर केलंय," तो म्हणाला. "फ्लॅटपॅक म्हनून एक तऱ्हा हाय. नवं पॅकेज आपल्याला लागनारं सगळं सामान संगं घेऊन येतं. जुन्या सिस्टीमकडं काय मागत न्हाई."

"ऊसतोडीच्या टोळीवानी," कडूबाई म्हणाली. तिला चटकन उमगलं. चूल, भांडी, अंथरूण, सगळं बैलगाडीत घालून ती स्वतःच आठ वर्षं लोकांच्या रानात उतरली होती आणि मालकाच्या घरातली वाटीही तिने कधी मागितली नव्हती.

शाळेच्या गच्चीवर रेंज मिळायची. सकाळी नऊला सुरू केलेलं डाउनलोड दुपारी साडेतीनला संपलं. पदराची सावली स्क्रीनवर धरून ती बसून राहिली. नवा नकाशा उघडला. जुना तसाच शेजारी होता, तोही उघडला. तेरा वर्षांचा एकही आकडा हलला नव्हता. मग परवेझने फोनवर सांगितलं तिथे बोट दाबल्यावर हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या माणसांची नावं आली, आणि येतच राहिली. कुठल्या कुठल्या मुलखातली, वाचताही न येणारी.

"ह्यांना पगार कोन देतं?"

"लई जनांना कुनीच न्हाई, मावशी."

ती बराच वेळ ती नावं खाली-वर करत राहिली. तिलाही तेरा वर्षांत कुणी पगार दिला नव्हता. जगात आपल्यासारखी वेडी माणसं एवढी आहेत, हे तिला त्या गच्चीवर कळलं आणि तिचा ऊर भरून आला.

ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टरने नकाशा लावला. एकेक विहीर म्हणजे एकेक निळा ठिपका. पाणी वर आलं की मोठा, खाली गेलं की लहान. कडूबाईने बटण दाबलं आणि तेरा वर्षं चालू लागली. पावसाळ्यात ओढ्याकडून ठिपके फुगत वर चढायचे, दिवाळीनंतर डोंगराकडून विरत खाली यायचे.

"पुन्हा लाव. सावकाश," भागवत म्हणाला.

तिने लावलं. दर माघात, भागवतच्या कांद्याला पाणी सुरू झालं की त्याच्या विहिरीच्या खालचे तीन ठिपके एकामागून एक विझत होते. तिसरा ठिपका कडूबाईच्या विहिरीचा. आपल्या विहिरीलाच बरकत नाही, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. राग यायला हवा होता. तो आला नाही. अंगावर सरसरून काटा आला.

"मला वाटायचं मी त्रेसष्ट विहिरी मोजती," ती म्हणाली. "ही एकच विहीर हाय रं भागवत. सगळं गाव तिच्यावरच बसलंय."

भागवत उठला. सरपंचबाईंच्या टेबलावरचा आपला अर्ज त्याने उचलला आणि घडी घालून खिशात ठेवला. मागच्या पंधरा जणांपैकी कुणी हात वर केला नाही. बंदी कायम, असं सरपंचबाईंनी लिहून घेतलं, तेव्हा कडूबाईचं तिकडे लक्षही नव्हतं. स्वतःच्या हाताने तेरा वर्षं मोजलेलं पाणी ती आज पहिल्यांदा बघत होती.