मेमरी कमी केली आणि काटा सुरू झाला

हे आत्ता, लगेच टाइप केलं नाही तर मला झोप लागणार नाही. चुका असतील, स्पेलिंग सोडा, फक्त वाचा. आज सिंदी रेल्वे गावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाहीये.

सीन असा. जिनिंगचा वजनकाटा. काट्यावर कापसानं गच्च भरलेली ट्रॉली. तिच्या मागे गेटबाहेर रोडपर्यंत ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. हॉर्नवर हॉर्न. आणि काट्यावरचे गजाननभाऊ स्क्रीनकडे बोट दाखवून मला म्हणतायत, "पाह्य, पुन्हा फेकलं त्यानं बाहेर!"

मी वर्ध्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टला आहे. आम्ही सगळे मिळून चौघं. भरलेली गाडी काट्यावर आली की आमचं सॉफ्टवेअर वजन नोंदवतं, कापूस खाली झाला की रिकाम्या गाडीचं वजन घेतं आणि पावती छापतं. या सगळ्या नोंदी जिथं राहतात तो डेटाबेस. तो ज्या मशीनवर चालतो तो सर्व्हर. उन्हाळ्यात हे सगळं पळत होतं. सीझन लागला, गाड्या वाढल्या आणि नाटक सुरू झालं. मधूनच काट्यावरची, अकाउंटची, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची, सगळ्यांची स्क्रीन एकदम बंद पडायची. 'कनेक्शन तुटलं.' थोड्या वेळानं आपोआप चालू. पुन्हा लॉगिन करा, पुन्हा गाडीचा नंबर टाका. तेवढ्यात परत बंद.

जिनिंगचे मालक शेठजी आले. हातात मोबाईल, कपाळावर आठ्या.

"काऊन व पोरी, एवढा मोठा सर्व्हर घेतला अन् हा घडीघडी मरून राह्यला?"

"पाहतेय शेठजी."

"तू सकाळपासून पाहूनच राह्यली! माहा पुतण्या म्हणते RAM टाका. टाकू का?"

शेठजींनी गेटकडे हात केला. "ते लोकं माह्या नावानं बोंबलून राह्यले. आज संध्याकाळपर्यंत चाललं तं ठीक. नाई तं उद्यापासून हातानं पावत्या, अन् तुमचं सॉफ्टवेअर तुमच्या घरी."

हे नुसतं रागावणं नव्हतं. ही आमची पहिलीच जिनिंग. इथून हाकललं तर आजूबाजूची एकही जिनिंग आम्हाला दारात उभी करणार नाही. मी गुपचूप बाहेर येऊन प्रज्ञा मॅडमला फोन लावला.

प्रज्ञा मॅडम म्हणजे आमच्या चौघांतल्या डेटाबेसवाल्या. आष्टीच्या. बरीच वर्षं पुण्यात मोठमोठे सर्व्हर सांभाळून इकडे परत आल्या. मी त्यांना प्रत्यक्ष काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. वर्ध्याहून गाडी काढून आल्या, खुर्ची ओढली, आणि कीबोर्डला हात न लावता गजाननभाऊंना विचारलं, "भाऊ, कधी पडते हे?"

"केव्हाही पडते जी."

"केव्हाही असं काई नसते भाऊ. त्याच्या आंधी काय होते?"

गजाननभाऊ बोटांवर मोजू लागले. "आंधी हळू होते. मंग आरडाओरड होते. मंग शेठजी येते. मंग पडते."

मॅडम हसल्या आणि मला लॉग उघडायला सांगितला. लॉग म्हणजे मशीन स्वतःच लिहितं ती दिवसभराची हकिगत. त्यात सरळ होतं, मेमरी संपली म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमनं डेटाबेसचं एक चालू काम मारून टाकलं. मग डेटाबेसनं उरलेल्या सगळ्यांना बाहेर काढलं.

"पण एकच मेलं तर सगळ्यांना काऊन काढते?" मी विचारलं. मी तर हा बग समजून बसली होती.

"कारण मरणाऱ्यानं मरता मरता काई बिघडवलं का, हे त्याले माहीत नाई. म्हणून दार लावते, सगळं तपासते, मंग उघडते. इतक्या वेळा पडला, एक तरी वजन हरवलं का?"

नव्हतं हरवलं! एकही नाही. ज्याला मी सकाळपासून शिव्या देत होती तो बिचारा दर वेळी एकेक नोंद जपत होता. मला खरंच त्या डब्याला नमस्कार करावासा वाटला.

मग मॅडमनी सेटिंगची फाइल उघडली. मेमरीच्या दोन ओळींवर थांबल्या. पहिली चार जीबी, दुसरी एक जीबी. मशीनची एकूण RAM सोळा.

"स्नेहल, हे एक जीबी कोणाले?"

"डेटाबेसला."

"सगळ्याइले मिळून एक, का हरेकाले एक?"

सोळातून चार आणि एक गेले, अकरा उरले, मस्त, असाच हिशोब मी मनात केला होता ना!

मॅडम उठल्या आणि आम्हाला खिडकीशी घेऊन गेल्या. शेठजी पण आले. खाली कापसाच्या गंज्यांचं, म्हणजे ढिगांचं पटांगण.

"शेठजी, ती मधातली मोठी गंजी सगळ्याइची. कोणाचाबी कापूस तिथंच जाते. ही झाली चार जीबी. आता प्रत्येक गाडीवाल्याले आपला माल पसरवून निवडायले वेगळी जागा पाहिजे. ती दुसरी सेटिंग. मशीन बसवणाऱ्यानं सांगून ठेवलं, जो येईन त्याले एवढी मोठी जागा द्या. उन्हाळ्यात तिघंच होते, म्हणून चाललं. त्याचं तवा बरोबरच होतं. आता वीस गाड्या एकदम आत घेतल्या अन् हरेकाले तेवढीच जागा देली तं?"

"ट्रॅक्टर वळवायले जागा राहणार नाई," शेठजी म्हणाले.

"बस. हेच झालं."

किती सोपं! आणि वर अजून एक गंमत. एका माणसाला एकदाच जागा लागते असंही नाही. एका रिपोर्टमध्ये तीन ठिकाणी क्रमवारी लावायची असेल तर तो तीन जागा अडवू शकतो.

"पण काट्याचं काम तं बारीक आहे मॅडम," मी म्हटलं. "एक गाडी, एक वजन. एवढी जागा अडवतं कोण?"

त्यांनी या क्षणी डेटाबेसवर काय काय चाललंय त्याची यादी काढली. खालपासून वरपर्यंत एकच रिपोर्ट! 'आजचा माल.' म्हणजे मालकांच्या मोबाईलवरचा डॅशबोर्ड. कोणत्या गावचा किती कापूस, कोणता ग्रेड, सगळं लावून दाखवणारा.

मॅडमनी मान वळवून शेठजींच्या हाताकडे पाहिलं.

"शेठजी, तुमी आता काय पाहून राह्यले?"

"चालू झालं का नाई, ते."

"अन् कितीदा पाहता?"

"घडीघडी पाहतो! मालक हाओ ना मी. बंद पडलं का घरी बी फोन लावतो, भावाले, पोराले, पुतण्याले. म्हणतो तुमच्याकडे दिसते का पाहा."

गजाननभाऊंना एकदम खोकला आला. तोंड भिंतीकडे करून खोकत राहिले बराच वेळ.

"म्हणजे माह्या मोबाईलनं सर्व्हर मेला?" शेठजींचा आवाज चढला.

"तुमच्या मोबाईलनं नाई," मॅडम शांत. "तुमी तं फक्त विचारलं. त्यानं दर वेळेस आख्खं पटांगण मोकळं करून देलं, ही त्याची चूक."

काय बोलल्या यार! माणूस पण नाही दुखावला आणि गोष्ट पण सांगून झाली.

मग त्यांनी ती एक जीबी खोडली आणि बत्तीस एमबी लिहिली.

"कमी?" शेठजी ओरडलेच. "तो मरून राह्यला अन् तुमी त्याचंच खाणं कमी करता?"

मी सर्व्हर रिस्टार्ट करायला माउस धरला, तर मॅडमनी हात मागे घ्यायला लावला. "काट्यावर गाडी उभी हाये. ही सेटिंग चालू डेटाबेसमधी बदलते, फाइल पुन्हा वाचायले सांगितलं का झालं. ती चार जीबीवाली बदलायची असती तं बंद करा लागलं असतं."

"ती पण बदलू का मग जेवणाच्या सुट्टीत?"

"नाई. एका टायमाले एकच. दोन बदलले तं कशानं सुधरलं हे कसं समजन?"

फाइल वाचली गेली. स्क्रीन सुरू. मला वाटलं झालं, पळा आता. तर मॅडम शेठजींना म्हणतात, "आता घरच्या सगळ्याइले फोन लावा. म्हणा, एकदम उघडा."

"मॅडम, नको ना!" मी खरंच त्यांची बाही ओढली.

"आज नाई पाह्यलं तं उद्या भर गर्दीत दिसन."

शेठजींनी फोन स्पीकरवर टाकला. "अरे उघडा रे सगळे! हो, आताच! तू बी उघड, अन् तुह्या मायले बी सांग!" सर्व्हरवरचा मेमरीचा आकडा चढला. अजून चढला. मग थांबला. तिथंच थांबला! बरीच RAM अजून शिल्लक. काट्यावर प्रिंटर कर्रर्र वाजला आणि गजाननभाऊ ओरडले, "घे बाप्पा, निघाली पावती! पुढची येऊ द्या!"

शेठजी मोबाईल निरखत होते. "जरासं हळू उघडते पण आता."

"हो," मॅडम म्हणाल्या. "कमी जागेत मावलं नाई तं तो थोडं काम डिस्कवर करते. तुमी दोन सेकंद थांबान, म्हणून गेटवरचे लोकं दोन तास थांबणार नाई."

शेठजींनी गेटकडे पाहिलं. ट्रॉली काट्यावरून उतरत होती, दुसरी चढत होती. मग त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

दुपारभर आम्ही तिथंच बसून राहिलो. एकदाही पडला नाही. ऊन उतरेपर्यंत रोडवरची लाइन गेटच्या आत आली. निघताना शेठजींनी एवढंच म्हटलं, "हातानं पावत्या लिहायले माणूस सांगितला होता, त्याले नको म्हणतो." आमच्या कंपनीला आजपर्यंत मिळालेलं हे सगळ्यात भारी सर्टिफिकेट!

येताना गाडीत मी मॅडमचं कौतुक करून करून थकली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते सोड. घरी जाऊन त्या फाइलीतली मेमरीची प्रत्येक ओळ वाच. अन् हरेकीपुढे लिह, सगळ्याइले मिळून का हरेकाले. उद्या मले दाखवजो."

तेच करत बसली होती, आणि मध्येच हे लिहायला घेतलं. आकडा लहान दिसला म्हणून फसायचं नाही. तो कितींनी गुणला जाणार ते आधी विचारायचं. एवढंच शिकली, पण पक्कं शिकली.

आता तुम्ही सांगा. एखादी गोष्ट चालू झाली का ते पाहता पाहता आपणच ती बंद पाडत होतो, असं तुमच्या ऑफिसमध्ये कधी झालंय का? लिहा ना खाली, मी जागीच आहे!