पाचनईच्या ओढ्यातलं बेट

नगरच्या माणसाला पावसाचं अप्रूप असतं, आणि आमच्या ह्यांना ते जरा जास्तच होतं. हे म्हणजे माझे यजमान, भिंगारच्या लष्करी कचेरीत कारकून. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, रजा म्हणजे उंबराचं फूल. तरी त्या श्रावणात त्यांनी शुक्रवार ते सोमवार मोकळा करून घेतला आणि हरिश्चंद्रगडावर जायचं ठरवलं. सासूबाईंना सांगितलं, महादेवाच्या दर्शनाला जातोय. मला खरं सांगितलं, "नुसता पाऊस बघायचा. मनसोक्त." लग्नाला वर्षही झालं नव्हतं, त्यांनी धुळीचे लोट बघायला नेलं असतं तरी मी गेले असते.

पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार नगर जिल्ह्यातल्याच अकोल्यापर्यंत, पुढं बैलगाडी, आणि शेवटी चिखल तुडवत गडाच्या पायथ्याचं पाचनई. वाटेतलं राजूर सोडल्यावर पाऊस लागला तो थांबलाच नाही. आधी मजा वाटली, मग वाटेनाशी झाली. आमच्याकडं पाऊस येतो आणि जातो, त्याला सुरुवात असते, शेवट असतो. इथं तो नुसता होता. ज्या म्हातारीच्या पडवीत मुक्काम केला, तिनं भाकरी वाढली, आमची ओली धडुती चुलीपाशी वाळत घातली, पण ती फारसं बोललीच नाही. पावसात बोललेलं ऐकू येत नाही म्हणूनही असेल. मला मात्र त्या घरात कुणी तरी आजारी असल्यासारखं वाटत राहिलं.

रविवारी सकाळी गड चढलो. दर्शन झालं. हे पाऊस अंगावर घेत लहान पोरासारखे हिंडत होते. मी काकडले होते, चिडलेही होते. "आता पुरे," मी म्हणाले. "तुमचं म्हणजे भुकेल्याला जेवायला बोलावलं तर ताटातच लोळायला लागला." ते हसले, आणि आम्ही उतरायला लागलो.

अर्ध्या वाटेवर धुकं आलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. पायवाट हरवली, पुन्हा सापडली, पुन्हा हरवली. मग एक ओढा लागला, घोट्याएवढ्या पाण्याचा. ह्यांचं बालपण राहुरीला मामांच्या मळ्यात गेलेलं. तिकडं ओढा म्हणजे वाटच. पाऊसकाळ सोडला तर त्यातूनच गाड्या जातात, त्यातूनच बायका सरपण आणतात. "ओढा कधी चुकवत नाही," ते म्हणाले, "गावाशीच नेऊन सोडतो. शिवाय हेच पाणी पुढं मुळा नदीतून राहुरीला जातं, म्हणजे घरचंच की." मला ते पटलं. मीही त्याच कोरड्या मुलखातली. आम्ही ओढ्यात उतरलो आणि ओढ्यातूनच चालू लागलो.

थोड्या वेळानं पाणी लाल झालं. त्यात काटक्या आणि पाचोळा यायला लागला. आमच्याकडं ओढ्याला पाणी येतं ते लालच येतं, म्हणून दोघांपैकी कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. मग वरून घरघर ऐकू आली, जात्यावर कुणी दळत असावं तशी. "अहो, मागनं गाडी येतेय का हो?" मी विचारलं. तिथं कुठली गाडी यायला. ह्यांनी माझा दंड धरला आणि ओढ्याच्या मधोमध असलेल्या खडकावर मला चढवलं, मागोमाग स्वतः चढले.

खडकावर एक जांभळाचं झाड होतं. पाणी दोन्ही अंगांनी आलं आणि ती आमच्या स्वयंपाकघराएवढी जागा बेट होऊन बसली. पोहता दोघांनाही येत नव्हतं. पाणी हळूहळू खडकाची कड गिळत होतं. त्या पाण्याकडं बघत ते म्हणाले, "आईला सांग, दर्शन नीट झालं." मी भडकले. "मी काही सांगणार नाही. तुमची आई, तुम्ही सांगा."

दुपार कलली तसं पाणी उतरलं. मांडीएवढं झालं, धुकं विरळ होऊन पलीकडचा काठ दिसायला लागला. मंगळवारी सकाळी कचेरीत हजर व्हायचं होतं. रजा देतानाच साहेबानं डोळे वटारले होते. "मी काठी टेकत पुढं जातो, तळ बघतो, मग तुला न्यायला येतो," ते म्हणाले.

"थांबा ना. अजून उतरू दे."

"उतरतंच आहे की."

ते अर्ध्यावर गेले, वळले, आणि तळ लागतोय म्हणून काठी वर करून दाखवली. वर डोंगरात पाऊस थांबलेला नव्हता, पण ते आम्हाला कुठून दिसणार. घरघर पुन्हा झाली. मी त्यांना नावानं हाक मारली. लग्नात उखाणा घेतल्यानंतर त्यांचं नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. ते ऐकून ते जरासे चकित झालेले मला दिसले. मग पाणी आलं, आणि ते उभे होते तिथं नुसतं पाणीच होतं.

जांभळाला मिठी मारून मी त्याच नावानं हाका मारत राहिले. घसा बसला तरी मारत राहिले. धुकं पुन्हा दाटलं. दिवस मावळायच्या सुमाराला काठावरून आवाज आले. आम्ही परतलो नाही म्हणून म्हातारीनं गावातली माणसं धाडली होती. त्यांतला एक ओरडला, "बाई, किती जन हाय तुमी?"

"दोघं," मी म्हणाले.

त्यांनी दोर फेकला, मी तो कमरेला बांधला, आणि त्यांनी मला पाण्यातून ओढून घेतलं. कुणी तरी अंगावर घोंगडी टाकली. दुसऱ्यानं माझ्या कमरेचा दोर सोडवला, गोळा केला आणि पुन्हा बेटाकडं भिरकावला. धुक्यात तो कुठं पडला ते दिसलं नाही.

"धरा, पाव्हनं," त्यानं हाक दिली.

पलीकडून दोराला ओढ लागते का, ते बघत मीही त्यांच्याबरोबर उभी राहिले.