शादलियाचे काळे केस

महदियाच्या बंदराजवळ सलूहाचं केस रंगवायचं दुकान होतं. साठीची शादलिया दर पंधरवड्याला यायची आणि सलूहाचा पारा चढायचा.

"अगं, केसांचा पार काथ्या झालाय! आज नुसत्या मुळांना रंग लावून घे, टोकांना ऑलिव्हचं तेल चोळ. आणि मग चार महिने रंगाला सुट्टी दे."

"पांढरा एकसुद्धा दिसता कामा नये."

तिचा नवरा तिजानी तीन वर्षांपूर्वी होडीसकट समुद्रात बेपत्ता झाला होता. नवरा वारला की बाईनं चार महिने दहा दिवस केस रंगवायचे नाहीत, हा तिथला रिवाज. बायका टोमणे मारायच्या, "नवरा बुडाला, आणि हिचा नट्टापट्टा बघा!"

"बुडताना पाहिलात का गं तुम्ही?" शादलिया फाडकन विचारायची.

एका मंगळवारी कोळ्यांच्या जाळ्यात तिजानीचा रबरी कोट आला. खिशावर शादलियाच्या हातचं ठिगळ होतं.

त्या आठवड्यात ती दुकानात फिरकली नाही. शेवटी सलूहाच रंग घेऊन तिच्या घरी गेली. "चल, बस. पंधरवडा झाला," म्हणत तिनं वाटीत रंग कालवायला घेतला.

शादलियानं वाटी हळूच बाजूला सारली.

"नुसतं तेल लाव. तुझंच ऐकते आता. चार महिने सुट्टी," ती म्हणाली. "आणि वर दहा दिवस."